दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोधक विकारात रक्तातील क्षारांचे प्रमाण : मावळ व लोणावळा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोधक फुप्फुसविकार, ज्याचा उल्लेख या लेखात यापुढे सीओपीडी असा केला आहे, हा नावाप्रमाणे फुप्फुसांचा विकार होय. तथापि या रुग्णाची प्रकृती एकाएकी ढासळते तेव्हा त्याचे कारण प्रत्येक वेळी फुप्फुसातच सापडते असे नाही. पुष्कळदा ते रक्तात विरघळलेल्या सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, मॅग्नेशियम व फॉस्फेट यांच्या बिघडलेल्या प्रमाणात दडलेले असते. शास्त्रीय परिभाषेत या घटकांना विद्युत् विच्छेद्ये म्हणतात. रुग्णालयात इलेक्ट्रोलाइट्स हाच शब्द रूढ आहे, आणि रुग्णाचे नातेवाईक 'अंगातले क्षार कमी झाले' असे सांगतात. हा शेवटचा शब्दप्रयोग सोपा आहे, म्हणून लेखात तोच अधिक वापरला आहे.

मोठ्या शहरातील रुग्णालयात धमनीतील रक्तवायूंची तपासणी काही मिनिटांत होते. मावळच्या खोऱ्यांतील रुग्णाला ती सहजासहजी मिळत नाही. क्षारांची तपासणी मात्र तालुक्याच्या गावी होऊ शकते. हा साधा अहवाल नीट वाचल्यास रुग्णाच्या फुप्फुसांविषयी, मूत्रपिंडांविषयी व त्याला दिलेल्या औषधांविषयी बरेच काही सांगतो. तो कसा वाचावा, आणि तो कोणत्या कारणांनी फसवा ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मावळ आणि धूर

मावळ तालुक्यातील अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ही खोरी परंपरेने ओळखली जातात. तळेगाव, वडगाव, कामशेत व लोणावळा ही गावे लोहमार्गावर आहेत. परंतु खोऱ्यांच्या आतील वस्त्यांपासून दवाखाना दूर असतो व पावसाळ्यात तो आणखी दूर जातो. लोणावळ्याचे वार्षिक पर्जन्यमान चार हजार मिलिमीटरच्या आसपास आहे. या चार महिन्यांत घराची दारे-खिडक्या बंद, सरपण ओले आणि चूल घरातच, अशी स्थिती असते. ओले लाकूड जळण्यापेक्षा धुमसते अधिक. फुंकणी घेऊन त्या चुलीपुढे बसणारी स्त्री आयुष्यातील तीस-चाळीस पावसाळे तो धूर घेते.

उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजला जातो, त्याचाही धूर होतो, व त्या दिवसांत जुन्या रुग्णांची धाप वाढू शकते. परंतु राबाचा धूर उघड्यावरचा व थोड्या दिवसांचा असतो. चुलीचा धूर कोंडलेला व जन्मभराचा असतो. दोहोंना एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही.

सीओपीडी हा विडी ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, ही समजूत अजूनही पुरती गेलेली नाही. पुणे येथील डॉ. संदीप साळवी व ब्रिटनमधील डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखात जगातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के व्यक्तींनी कधीही धूम्रपान केलेले नसते, याकडे लक्ष वेधले. भारतात या विकाराचे रुग्ण १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८१ लक्ष होते, ते २०१६ मध्ये सुमारे ५ कोटी ५३ लक्ष झाले, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला. तरीही पाणी तापविण्यास व भाकरीला चूल पेटते, आणि गेल्या चाळीस वर्षांत झालेली हानी गॅसमुळे भरून निघत नाही.

अशा स्त्रीचे निदान पुष्कळदा 'दमा' या एका शब्दावर थांबते. फुंकर-चाचणीत, श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही, पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा ही जोराने सोडलेल्या एकूण हवेच्या ०.७० पटीहून कमी असेल तर अवरोध स्थायी मानला जातो. ही चाचणी न होताच वर्षानुवर्षे तिला दम लागला की इंजेक्शन व वाफ एवढाच उपचार मिळत राहतो. क्षारांचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

कोंडलेला वायू : बायकार्बोनेट व क्लोराइड

पेशींत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. सीओपीडीच्या पुढच्या अवस्थेत तो पुरेसा बाहेर पडत नाही. पाण्याशी संयोग होऊन त्याचे कार्बोनिक आम्ल बनते व रक्त आम्लधर्मी होऊ लागते. येथे मूत्रपिंडे मदतीला येतात. ती आम्ल बाहेर टाकतात व बायकार्बोनेट राखून ठेवतात. मात्र हे काम सावकाशीचे आहे. ते पूर्ण होण्यास तीन ते पाच दिवस लागतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब १० मिलिमीटरने दीर्घकाळ वाढला तर बायकार्बोनेट लिटरमागे सुमारे ४ मिलिमोलने वाढते. तोच दाब एकाएकी वाढला असेल तर वाढ केवळ १ मिलिमोलच्या आसपास असते.

लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत या वायूच्या संचयाचा अभ्यास वेगळ्या निमित्ताने झालेला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेल्या या संस्थेतील करंबेळकर, विणेकर व भोळे या संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात बसविलेल्या व्यक्तींवरील निरीक्षणे १९६८ साली प्रसिद्ध केली होती. खड्ड्यातील निरोगी मनुष्य ठरलेल्या वेळी बाहेर येतो, आणि त्याच्या मूत्रपिंडांना जुळवून घेण्यास अवधीच मिळत नाही. सीओपीडीचा रुग्ण उघड्या हवेत बसलेला असूनही जणू अशा खड्ड्यातच वर्षानुवर्षे राहत असतो, आणि त्याच्या मूत्रपिंडांनी त्या स्थितीशी तडजोड केलेली असते. ती तडजोड क्षारांच्या अहवालात उमटते.

रक्तातील धन व ऋण प्रभारांची बेरीज समान राहावी लागते. बायकार्बोनेट हा ऋण प्रभाराचा घटक वाढला की दुसरा ऋण घटक, म्हणजे क्लोराइड, कमी होतो. अनेक लहान प्रयोगशाळांच्या अहवालात सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड हे तीनच आकडे असतात, बायकार्बोनेट नसते. तरीही साध्या वजाबाकीने अंदाज करता येतो. निरोगी व्यक्तीत सोडियम १४० व क्लोराइड १०४ धरले, आणि न मोजलेल्या घटकांसाठी १२ वजा केले, तर २४ उरतात. हे बायकार्बोनेटचे नेहमीचे प्रमाण होय. आता एखाद्या रुग्णाचे सोडियम १३८ व क्लोराइड ९३ असेल, तर उत्तर ३३ येते. सोडियम जवळपास ठीक असताना क्लोराइड इतके उतरलेले दिसणे ही रक्तात कार्बन डायऑक्साइड दीर्घकाळ साचत असल्याची सूचना असू शकते.

'असू शकते' हे शब्द जाणीवपूर्वक लिहिले आहेत. वारंवार उलट्या झाल्या किंवा लघवी वाढविणारी फ्युरोसेमाइडसारखी औषधे चालू असली, तरी हेच चित्र दिसते. अल्ब्युमिन कमी असल्यास किंवा लॅक्टिक आम्ल वाढल्यास वजाबाकीतील १२ हा आकडाही बदलतो. नक्की निर्णय रक्तवायूंच्या तपासणीनेच होतो. पण तोपर्यंत एक सावधगिरी बाळगता येते. असा रुग्ण आला की प्राणवायू मोठ्या प्रवाहाने सोडून देण्याऐवजी बोटावरील मापकावर ८८ ते ९२ टक्के पातळी राहील इतकाच द्यावा. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे रुग्णवाहिकेतील रुग्णांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा मोजून दिलेल्या प्राणवायूमुळे मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून कमी झाल्याचे आढळले. वडगाव ते पुणे या प्रवासातील रुग्णवाहिकेलाही हे तितकेच लागू आहे.

क्लोराइडचे आणखी एक काम येथेच सांगितले पाहिजे. उपचाराने श्वास सुधारून साचलेला वायू बाहेर पडला, तरी राखून ठेवलेले बायकार्बोनेट मूत्रपिंडांना टाकून देता यावे यासाठी शरीरात पुरेसे क्लोराइड लागते. ते नसेल तर रक्त अल्कधर्मी राहते, आणि अल्कधर्मी रक्त श्वसनाची प्रेरणा मंद करते. फुप्फुस सावरले तरी रुग्ण सुस्त का, या प्रश्नाचे उत्तर काही वेळा येथे असते.

पोटॅशियम : चार वाटांनी होणारी घट

शरीरातील पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असते. रक्तरसात त्याचे प्रमाण लिटरमागे ३.५ ते ५.० मिलिमोल, म्हणजे अत्यल्प. परंतु हृदयाच्या ठोक्यांची लय या अत्यल्प भागावर अवलंबून असते.

समजा, अंदर मावळातील साठीची एक स्त्री आषाढात धाप वाढल्याने दवाखान्यात आली. तिला सालब्युटॅमॉलची वाफ दिली जाते. हे औषध श्वासनलिका सैल करते, आणि त्याच वेळी पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंप चालवून रक्तातील पोटॅशियम पेशींत ढकलते. त्याचा परिणाम साधारण अर्ध्या तासात सुरू होऊन दीडेक तासाने शिखर गाठतो व काही तास टिकतो. जोडीला थिओफायलिनयुक्त इंजेक्शन असते. तेही त्याच दिशेने काम करते. तिसरे हायड्रोकॉर्टिसोनसारखे स्टेरॉइड, ज्यामुळे मूत्रावाटे पोटॅशियम जाते. पायांवर सूज असेल तर फ्युरोसेमाइड दिले जाते, ही चौथी वाट. यातील प्रत्येक औषध आपापल्या जागी योग्य आहे. परंतु चारही एकत्र येतात तेव्हा त्यांच्या बेरजेचा हिशेब कोणी ठेवलेला असतोच असे नाही. शिवाय ती दोन दिवस चहा व पेजेवर असते. त्यांतून मिळणारे पोटॅशियम नगण्य.

घट सौम्य असता लक्षणे फारशी नसतात. पायांत बळ नसणे, पोट फुगणे, बद्धकोष्ठ, पोटऱ्यांत गोळे येणे, छातीत धडधडणे ही पुढची चिन्हे. हृदयालेखात टी तरंग सपाट होतो व यू तरंग दिसू लागतो. प्राणवायू आधीच कमी असलेल्या हृदयात ३ मिलिमोलच्या खाली गेलेले पोटॅशियम लय बिघडविण्यास पुरेसे ठरू शकते. डिगॉक्सिन चालू असेल तर धोका वाढतो. अशा रुग्णाचा रात्री मृत्यू झाला तर नातेवाईक 'दम लागून गेली' असेच म्हणतील, आणि कदाचित मृत्यूच्या दाखल्यावरही तेच लिहिले जाईल. ज्या मृत्यूचे कारण भरून काढता येण्याजोगे होते, तो असा असाध्य विकाराच्या खात्यावर जमा होतो.

याचा अर्थ सालब्युटॅमॉल टाळावे असा मुळीच नाही. ते प्राण वाचविणारे औषध आहे. रक्तातील पोटॅशियम अतिरिक्त वाढले असता ते उतरविण्यासाठीही त्याचाच वापर करतात. लक्षात घ्यायचा भेद हा की वाफेमुळे पोटॅशियम शरीराबाहेर गेलेले नसते, ते केवळ पेशींत गेलेले असते व औषधाचा प्रभाव ओसरताच परत येते. स्टेरॉइड व फ्युरोसेमाइडमुळे झालेली घट मात्र खरी घट होय. पहिल्या प्रकारात भरमसाट पोटॅशियम देणे घातक, दुसऱ्या प्रकारात न देणे घातक. बहुतेक रुग्णांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, म्हणून एका आकड्यावर न थांबता तपासणी पुन्हा करावी लागते. भरपाईसाठी पोटॅशियम क्लोराइड हेच उत्तम, कारण वर सांगितलेली क्लोराइडची तूटही त्याने भरते. मूत्रपिंडे दुबळी असलेल्या, अथवा एनालाप्रिल, टेल्मिसार्टन वा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या व्यक्तीने ते वैद्यकीय देखरेखीशिवाय कदापि घेऊ नये.

सोडियमविषयी एक गैरसमज

रक्तातील सोडियम १३५ च्या खाली गेले की घरची मंडळी मिठाचे पाणी पाजू लागतात. हा उपाय तर्काला पटतो आणि सीओपीडीच्या अनेक रुग्णांत तो उलटा पडतो. प्राणवायूची कमतरता व साचलेला कार्बन डायऑक्साइड यांमुळे शरीर मीठ व पाणी दोन्ही धरून ठेवते. त्यातही पाणी अधिक. न्यूमोनिया झाल्यास पाणी धरणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण आणखी वाढू शकते. म्हणजे सोडियम कमी झालेले नसते, तर ते जास्त पाण्यात पातळ झालेले असते. पायांवर सूज व मानेच्या शिरा फुगलेल्या असताना मीठ वाढविले तर सूज व धाप दोन्ही वाढतात. पावसाळ्यातील आहारात पापड, लोणचे, सुकट व बोंबील असतातच, त्यामुळे मीठ कमी पडण्याची शक्यता तशी थोडी. अशा वेळी पाण्याचे प्रमाण आवरावे लागते. याउलट थायझाइड वर्गातील गोळ्या, जुलाब वा उपासमार यांमुळे सोडियम खरोखरच गेलेले असेल तर उपचार निराळा. आकडा एकच, अर्थ सूज पाहून ठरतो.

मॅग्नेशियम व फॉस्फेट या दोहोंची तपासणी क्वचितच सांगितली जाते. मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही पोटॅशियम दिले तरी ते मूत्रावाटे निघून जाते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. फॉस्फेट उतरल्यास श्वासपटलाचे स्नायू दुबळे होतात, आणि सालब्युटॅमॉल त्यालाही पेशींत ढकलते.

लोणावळ्याची हवा आणि शुद्धिक्रिया

हवापालटासाठी लोणावळ्यास येण्याची प्रथा जुनी आहे. स्वच्छ हवेचा लाभ नाकारता येत नाही. पण सुमारे ६२५ मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७६० मिलिमीटरवरून ७०५ च्या आसपास येतो, व श्वासात येणाऱ्या प्राणवायूचा दाब सुमारे १४९ वरून १३८ पर्यंत उतरतो. निरोगी व्यक्तीला ते जाणवत नाही. ज्याची पातळी मुंबईतच ९० टक्क्यांवर होती, त्याला जिना चढताना जाणवू शकते.

श्वसनविकारांसाठी योगोपचार घेण्यास येणारेही पुष्कळ. श्वासाच्या सौम्य व्यायामांचा, विशेषतः सावकाश व दीर्घ उच्छ्वासाचा, उपयोग होतो यात संशय नाही. शुद्धिक्रियांबाबत मात्र क्षारांच्या दृष्टीने विचार करावा. वमनधौतीत मिठाचे कोमट पाणी पिऊन ते उलटून टाकतात. तरुण दमेकऱ्याला ही क्रिया मानवेल. परंतु फ्युरोसेमाइड घेणाऱ्या वृद्धात ती वारंवार केल्यास जठरातील आम्लाबरोबर क्लोराइड जाते, रक्त अल्कधर्मी होते व पोटॅशियमही उतरते. शंखप्रक्षालनात कित्येक पेले खारट पाणी पोटात जाते; हृदयाच्या उजव्या भागावर ताण आलेल्या व सूज असलेल्या रुग्णास ते वर्ज्यच मानावे. जलनेतीत असा धोका नाही. अशा केंद्रात प्रवेश घेताना क्षारांचा अलीकडील अहवाल व चालू औषधांची यादी मागितली जावी, असे आम्हांस वाटते.

आहाराविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. केळी, शहाळ्याचे पाणी व डाळी यांतून पोटॅशियम मिळते. भाजी उकडून पाणी फेकले की त्यातील बराच भाग जातो. लोणावळ्याच्या चिक्कीतील शेंगदाण्यात पोटॅशियम व मॅग्नेशियम दोन्ही चांगल्या प्रमाणात असतात, ही गोष्ट चिक्कीप्रेमींना सुखावणारी असली तरी मधुमेही व्यक्तींनी तिच्यातील गूळ-साखर विसरू नये.

नमुन्याचा प्रवास

आतापर्यंतचे सर्व विवेचन अहवालातील आकडे खरे आहेत असे गृहीत धरून केले. खोऱ्यातील दवाखान्यात घेतलेले रक्त कामशेत, तळेगाव वा पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत जाते, तेव्हा हे गृहीत डळमळते. तळेगाव दाभाडे येथे १९९५ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्याशी संलग्न ग्रामीण रुग्णालय यांमुळे हे अंतर कमी झाले आहे; तथापि वाटेतला वेळ उरतोच.

कुपीतील रक्तपेशी जिवंत असतात. त्यांचा पंप चालू आहे तोवर पोटॅशियम आत राहते. रक्त तसेच बर्फात वा शीतकपाटात ठेवले तर पंप मंदावतो व पोटॅशियम रक्तरसात झिरपते. 'रक्त थंड ठेवले म्हणजे सुरक्षित' ही समजूत या एका तपासणीपुरती चुकीची आहे. रक्तरस साधारण दोन तासांच्या आत पेशींपासून वेगळा केला पाहिजे. वेगळा केल्यानंतर तो खुशाल थंड ठेवावा. दंडाला पट्टा बांधून मूठ वारंवार उघडझाक करायला लावल्यास पोटॅशियम एक मिलिमोलपर्यंतही वाढू शकते. बारीक सुईने जोर लावून रक्त ओढल्यास पेशी फुटतात. रक्तरस लालसर दिसला तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. पेशीगणनेसाठीच्या जांभळ्या टोपणाच्या कुपीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए असते. त्यातील थेंबभर रक्त दुसऱ्या कुपीत गेले तरी पोटॅशियम वाढलेले व कॅल्शियम घटलेले दिसते.

सीओपीडीच्या रुग्णात या चुका अधिक धोक्याच्या ठरतात, कारण त्या सगळ्या पोटॅशियम वाढवून दाखवितात, आणि त्याचा खरा प्रश्न बहुधा घटीचा असतो. प्रत्यक्षात ३.० असलेला आकडा वाटेतील विलंबाने ४.० दिसतो, अहवाल 'सामान्य' म्हणून फाइलीत लागतो.

यावर उपाय खर्चिक नाही. उपकेंद्रात लहानसे सेंट्रिफ्यूज असल्यास रक्तरस तेथेच वेगळा करता येतो. ते नसल्यास रुग्णालाच रक्त देण्यासाठी प्रयोगशाळेत पाठविणे, किंवा नमुन्याची पाठवणी दिवसाच्या शेवटी न करता रक्त घेताच करणे, हे पर्याय आहेत. आणि तपासणीच्या अर्जावर वय व लिंग यांच्या खाली आणखी तीन नोंदींसाठी जागा असावी : रक्त घेतल्याची वेळ, शेवटची वाफ दिल्याची वेळ, व लघवीची गोळी चालू आहे किंवा नाही. शेवटची वाफ रक्त घेण्याच्या तासभर आधी दिलेली असेल तर ३.२ हा आकडा एक गोष्ट सांगतो. वाफ आदल्या रात्रीनंतर दिलेलीच नसेल, तर तोच आकडा निराळी.